वेल्सचा कौल

“शशी, बुडालीस की काय गो?”

बुडाले नव्हते, पण गळ्यापर्यंत पाण्यात होते. पांढराशुभ्र टब, कढत पाणी आणि दाराबाहेर रांगेत कुणीही नाही! इंग्लंडात, ब्रिस्टलच्या आमच्या बिऱ्हाडात चार कुटुंबांत मिळून एक न्हाणीघर होतं. तिथे साबण लावेपर्यंत बाहेरून कुणीतरी खाकरायचं. इथे सगळा टब माझा. मी पायाच्या अंगठ्याने नळ आणखी थोडा सोडला.

“येते हो! पाच मिनिटं!”

“तुझी पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. मी गाव बघून येतो जरा.”

“या. आणि कोट घालून जा, वारा आहे.”

दार लागल्याचा आवाज आला आणि मला हायसं वाटलं. हे समोर असले की मला सोमवार आठवत होता, आणि त्या दुपारी मला सोमवार नको होता.

ही एकोणीसशे एकाहत्तरच्या मे महिन्यातली गोष्ट. आता मी ऐंशी ओलांडली, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण त्या टबाच्या कडेचा गारवा अजून मानेला लागतो. हे, म्हणजे जगन्नाथ आरोलकर, ब्रिस्टलला बसच्या डेपोत फिटर होते. नाताळात डेपोने सोडत काढली होती. कुणाला बदक मिळालं, कुणाला दारूची बाटली, आणि आम्हाला मिळाला वेल्स गावच्या हॉटेलात दोघांचा एक रात्र मुक्काम, जेवण-नाश्त्यासकट. वेल्स नावाचा देश वेगळा आणि हे गाव वेगळं, हे मला आधी समजावून घ्यावं लागलं. गाव आपल्या वेंगुर्ल्याएवढंच, पण आठशे वर्षांचं कॅथेड्रल असल्यामुळे त्याला शहर म्हणायचं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोघंच मिळून आम्ही कुठे म्हणून गेलो नव्हतो. मी आठवडाभर आधी पातळं काढून ठेवली. खिडकीतून कॅथेड्रल दिसतं असं डेपोतल्या कुणी सांगितलं होतं, आणि खरंच दिसत होतं. खोलीत शिरल्या शिरल्या मी पलंगावर दोन उड्या मारून घेतल्या. हे बघतच राहिले.

सोमवारी वेंगुर्ल्याला उत्तर धाडायचं होतं. ह्यांचे थोरले भाऊ, त्यांना सगळं घर भाऊच म्हणायचं, काजूचा कारखाना चालवत. आता त्यांच्याच्याने होईना. ‘जगन्नाथाने बायकोला घेऊन परत यावं, कारखाना सांभाळावा,’ असा निरोप आला होता. नुसता निरोप असता तर गोष्ट वेगळी. भाऊंनी रवळनाथाच्या देवळात कौल लावला होता. आमच्याकडे कुठलंही मोठं काम कौलाशिवाय होत नाही. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून देवापुढे प्रश्न मांडायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, सगळं असंच ठरलेलं. माझं लग्नसुद्धा. भाऊंना देवाने उजवी दिली होती.

आणि मला सप्टेंबरपासून ब्रिस्टलच्या एका इस्पितळात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. नर्सिंग आणि नंतर सुईणीचं शिक्षण, मिळून चार वर्षं. माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. तिच्या उशाशी कंदील धरून उभी होते. सुईण नुसती देवाचं नाव घेत होती. तेव्हापासून मला ते शिकायचं होतं.

ह्यांनी कधी ‘नको’ म्हटलं नाही. पण ह्यांना घरी जायचं होतं, ते मला न सांगता कळत होतं. शनिवारी बाजारातून बांगडे आणायचे आणि ‘हे कसले बांगडे, हे बांगड्यांचे नातेवाईक’ असं पुटपुटत खायचे. डेपोतून आले की गार पडलेले हात किटलीला लावून बसायचे. थंडीत काचेवर वाफ धरली की बोटाने बंदराची रेघ काढायचे, दीपगृहाचा ठिपका द्यायचे आणि पुसून टाकायचे.

त्या सकाळी बसमध्ये मात्र मी तोंड उघडलं होतं.

“भाऊंनी गाऱ्हाणं घातलं तेव्हा आपण तिथे होतो का?” मी विचारलं.

“नव्हतो.”

“मग? ज्याचा प्रश्न त्याने हजर नको? उद्या तुमच्या नावाने कुणीही कौल लावील.”

“भाऊ म्हणजे कुणीही?”

“आणि देवाला विचारलं काय? जगन्नाथाने यावं का, एवढंच. बायकोला तिथे शिकायचंय, हे सांगितलं का देवाला?”

हे खिडकीबाहेर मेंढ्या बघत राहिले. मग म्हणाले, “मेंढ्या चांगल्या जाड आहेत.”

एवढंच. मग मीही मेंढ्या बघितल्या.

टबातलं पाणी गार झालं तेव्हा मी बाहेर आले, वेणी घातली, मोतिया रंगाचं पातळ नेसले. हे आले तेव्हा नाक आणि गाल लाल झाले होते आणि डोळ्यांत काहीतरी वेगळंच होतं.

“चल लवकर. तुला एक गंमत दाखवतो.”

“कसली?”

“चल तर. तो कोट घाल माझा. बटणं वाटेत लाव!”

हिरवळ ओलांडून आम्ही जवळजवळ धावतच गेलो. समोर कॅथेड्रल, दर्शनी भिंतीवर दगडी माणसंच माणसं, ओळींवर ओळी, एखाद्या जत्रेला उभी असल्यासारखी. दाराशी मी थबकले.

“अहो, चपला?”

“इथं काढत नाहीत.”

“देवळात चपला घालून?”

“त्यांचा देव थंडीतला आहे, त्याला चालतं. ये.”

आत गेले आणि मान वर केली ती वरच राहिली. एवढी उंची मी माणसाने बांधलेल्या कशातच पाहिली नव्हती. हे मला दंडाला धरून डावीकडच्या अंगाला घेऊन गेले. तिथे भिंतीवर एक भलंमोठं घड्याळ होतं, सोनेरी चांदण्या आणि चंद्रासूर्य काढलेलं. त्याच्यावर एक छोटी माडी, आणि माडीवर लाकडी घोडेस्वार.

“आता बघ,” हे कुजबुजले. “दर पाव तासाने हे घोडेस्वार गोल फिरतात. काही इकडून, काही तिकडून. समोरासमोर आले की लढाई. आणि एक जण पडतो.”

“खरंच पडतो?”

“घोड्यावरच उताणा. शशी, बसमध्ये तू म्हणालीस ना, आपण हजर नसताना लावलेला कौल आपल्याला कसा लागू. मला पटलं ते. आपण इथं लावूया.”

मला आधी कळलंच नाही.

“इथं? चर्चमध्ये?”

“प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो. इथं नसेल? एवढं मोठं उभं केलंय ते काय राखणदाराशिवाय?”

“आणि पाकळ्या?”

“घोडेस्वार आहेत की. तो बघ, ढालवाला, तो तुझा. त्याच्या समोरचा तो माझा. माझा पडला तर राहायचं, तू शिकायचं. तुझा पडला तर पुढच्या महिन्यात बोट. मग कुणी कुणाला बोल लावायचा नाही.”

“पण अहो...”

“होय की नाही, बोल. वेळ होत आली.”

कुणी आयुष्य असं घोड्यावर बसवतं का? पण मी त्याच घरातली होते, आणि मला कुणीतरी पहिल्यांदाच, मी हजर असताना, विचारत होतं.

“होय,” मी म्हटलं.

ह्यांनी टोपी काढून काखेत धरली, हात जोडले आणि गावच्या गुरवासारखा आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा!”

मी पदर तोंडावर घेतला.

“अगो, व्हय म्हण ना! गाऱ्हाणं अर्धं राहिलं तर लागू होत नाही.”

“व्हय म्हाराजा,” मी पदरातून म्हटलं.

“मोठ्यानं.”

“व्हय म्हाराजा!”

ते त्या दगडी कमानींना जाऊन लागलं आणि दुप्पट होऊन परत आलं. लांब बाकावर बसलेल्या दोन माणसांनी माना वळवल्या.

“ह्या परमुलखात, ह्या जाग्याचो जो कोण राखणदार आसात, त्येच्या पायाकडे ही दोन लेकरां उभी आसत...”

“व्हय म्हाराजा!”

“येकाक घराची वड, येकाक शिक्षणाची. दोघांचांय खरां...”

“व्हय म्हाराजा!”

“तर तूच निवाडो कर. ज्येचो घोडेस्वार पडतलो, त्येना हट्ट सोडूचो. आणि मनात कायेक ठेवूचा नाय!”

“व्हय म्हाराजा!”

तिथे देखरेखीला निळ्या झग्यातली एक म्हातारी बाई होती. ती लगबगीने आली. मला वाटलं, आता हाकलणार.

“प्रार्थना करतोय,” हे तिला इंग्रजीत म्हणाले.

“उत्तम, उत्तम,” ती म्हणाली आणि ह्यांच्याकडे बघून ओळखीचं हसली. इथली माणसं प्रेमळच, मला वाटलं.

तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात बसलेल्या एका लाकडी बाहुल्याने टाचेने घंटा वाजवली. घोडेस्वार हलले. मी ह्यांच्या दंडाला इतकं घट्ट धरलं होतं की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दाखवले मला. पहिला फेरा. माझा ढालवाला ऐटीत गेला. पुन्हा आले. माझे डोळे मिटत होते आणि मी ते मिटू देत नव्हते. खट्!

ह्यांचा घोडेस्वार घोड्याच्या पाठीवर सपशेल आडवा.

“पडला,” हे म्हणाले. “माझा पडला.”

मी ओरडले असणार, कारण ती झगेवाली बाई टाळ्या वाजवायला लागली. मी तिचे हात धरले, मग ह्यांचे धरले, मग कुठे बघावं ते न कळून घड्याळालाच नमस्कार केला. हे बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून.

“अहो, तुम्हाला वाईट वाटलं?”

“गाऱ्हाण्यात काय म्हटलं? मनात काही ठेवायचं नाही. चल, भूक लागली.”

त्या संध्याकाळसारखी मी पुन्हा कधी जेवले नाही. मटार, बटाटे, भाजलेला मासा, आणि नंतरचं गोड दोनदा मागितलं. दुसऱ्यांदा मागताना वाढणाऱ्या मुलीला ‘माझा घोडेस्वार जिंकला’ असंही सांगून टाकलं. तिने अभिनंदन केलं. हे हळूहळू विचारायला लागले. शिकताना कपडे कोणते घालायचे? पांढरे? रात्रपाळी असते का? मग रात्री घ्यायला कुणी यायचं?

“तुम्ही.”

“मीच येणार. दुसरा कोण येतोय!”

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर हे खंदकाकाठी विडी ओढायला गेले. तिथल्या बिशपच्या वाड्याभोवती पाण्याचा खंदक आहे. मला मात्र आधी कॅथेड्रलमध्ये जायचं होतं. मनासारखा कौल मिळाला की दुसऱ्या दिवशी देवाच्या पायावर डोकं ठेवून यायचं, ही आमची रीत. नारळ नव्हता. नाश्त्याचे दोन टोस्ट बसमध्ये खायला म्हणून रुमालात बांधून घेतले होते, तेवढेच हातात. ते काही मी देवापुढे ठेवले नाहीत.

घड्याळासमोर उभी राहिले आणि हात जोडले. बाहुल्याने टाच आपटली, घोडेस्वार निघाले. खट्! ह्यांचाच पडला.

मला हसू आलं. आज कौल नाही तरी पडला बिचारा. पाय निघेना म्हणून बाकावर बसले. पाव तासाने पुन्हा निघाले.

पुन्हा ह्यांचाच.

हसू ओठांवरच राहिलं. कालची झगेवाली बाई मेणबत्त्या सारख्या करत होती. मी तिच्याकडे गेले.

“बाई, तो एकटाच पडतो का?”

“कोण, तो? तोच पडतो, बाळ. कित्येक शतकं तोच पडतोय. दुसरा कधीच नाही.”

“कधीच नाही?”

“तुमच्या मिस्टरांनीही काल दुपारी हेच विचारलं. तीन फेऱ्या उभे राहून बघितल्या, मग आले विचारायला. नक्की ना? एकदाही चुकत नाही ना? मी म्हटलं, पैज लावायची असेल तर समोरच्यावर लावा. तर म्हणाले, नाही, मला ह्याच्यावरच लावायची आहे.” ती हसली. “मी म्हटलं, विचित्र माणूस आहे.”

माझे कान तापले. पहिल्यांदा रागच आला. फसवलं की मला! मी सबंध संध्याकाळ नाचत होते आणि ह्यांना सगळं ठाऊक. मग काचेवरची बंदराची रेघ आठवली. मी बाईंचे आभार मानायलाही विसरले आणि पातळाच्या निऱ्या धरून धावत सुटले.

हे खंदकाच्या कठड्यावर बसले होते. पाण्यात चार-पाच हंस होते. वाड्याच्या दरवाजापाशी भिंतीतल्या एका खिडकीखाली घंटा टांगलेली, आणि तिची दोरी पाण्यापर्यंत सोडलेली.

“ये, ये! मजा बघ. हे हंस भूक लागली की चोचीने दोरी ओढून घंटा वाजवतात. मग खिडकीतून खायला टाकतात. मघाशी एकाने वाजवली. काय शिकवलेत!”

“रोज वाजवतात?”

“रोज, म्हणे.”

मला धाप लागली होती. ती थांबायची वाट न बघता मी म्हटलं, “मग आता माझा कौल.”

“कसला?”

“हात जोडा. घंटा वाजली तर माझं शिक्षण झालं की त्याच वर्षी वेंगुर्ल्याला. कायमचं. मी तिथेच बायकांची बाळंतपणं करीन. नाही वाजली तर दोघांची हाडं इथे.”

हे माझ्याकडे बघायला लागले. “अगो, पण तुला तर इथं...”

“होय की नाही, बोला.”

विडी विझवून त्यांनी हात जोडले. मी गाऱ्हाणं घातलं. बाईने घालायचं नसतं, पण तिथे अडवणारं कोण होतं? हे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले.

आणि हंस! एवढे शिकवलेले हंस, एकही दोरीकडे फिरकेना. पोट भरलेलं असणार. एक पंखात चोच घालून बसला, दोन तर चक्क पलीकडे निघाले. आम्ही वाट बघतोय, बघतोय. एक अगदी दोरीशी आला, मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं आणि निघून गेला. ह्यांचा चेहरा उतरत चालला होता आणि हे तो उतरू देत नव्हते.

“राहू दे,” हे म्हणाले. “नाही तर नाही. देवाची मर्जी.”

मी रुमाल सोडला, टोस्टचा मोठा तुकडा मोडला आणि दोरीच्या दिशेने भिरकावला. तो वाटेतच पाण्यात पडला.

“शशी! कौलात हात घालू नये गो!”

“मला सांगताय? तुम्ही तर कालपासून कोपरापर्यंत घातलाय!”

ह्यांचे आधी कान लाल झाले, मग मान.

“त्या बाईने सांगितलं?”

“मीच पाहिलं. आज दोनदा पडला तुमचा.”

मग हे हसायला लागले, पोट धरून, काठावरून पडतील की काय असं.

“इतकी शतकं पडतोय तो,” हे म्हणाले. “आणखी एकदा माझ्यासाठी पडला तर काय बिघडलं?”

“आणि देवाशी खोटं?”

“खोटं कुठे? मी त्याला विचारलंच नाही. नुसतं सांगितलं. आण तो टोस्ट. तुझा नेम म्हणजे...”

लहानपणी आंबे पाडून हात बसलेला. दुसरा तुकडा बरोबर दोरीला लागून खाली पडला. मान वाकडी करणारा तो हंस सपकन आला, तुकडा आणि दोरी एकदमच चोचीत धरली आणि हिसडा दिला. घंटा अशी खणखणली की वरची खिडकी उघडली. पावाची टोपली घेतलेला माणूस खाली वाकून बघतो तर एक पातळ नेसलेली बाई आणि एक टोपीवाला गडी काठावर एकमेकांच्या हातावर टाळ्या देतायत.

भाऊंना ह्यांनी सोमवारी लिहिलं की आम्ही दोघांनी हजर राहून कौल लावला, चार वर्षांनी येतो, तोवर कारखान्याला माणूस ठेवा. त्याहून जास्त काही लिहिलं नाही. चार वर्षांनी, हातात माझं प्रमाणपत्र आणि पोटात थोरला घेऊन, मी वेंगुर्ल्याच्या एस.टी. स्टँडवर उतरले. भाऊ घ्यायला आले होते. आम्ही पाया पडलो. हमालाने ट्रंका उचलल्या, आणि भाऊंनी चार वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न घरी पोहोचायची वाट न बघता तिथेच विचारला.

“कौल लावलंस म्हणान लिवलं होतंस. खंयची पाकळी पडली? उजवी काय डावी?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

“दोन्ही,” हे म्हणाले.